‘डॉक्टर, तेवढं नाव मात्र लिहू नका!’

हे वाक्य माझे भावजी तीन वेळा बोलले. पहिल्यांदा विनवणीच्या सुरात, दुसऱ्यांदा आवाज चढवून आणि तिसऱ्यांदा अगदी रडवेले होऊन. समोर आमचे फॅमिली डॉक्टर. पस्तीस वर्षं डोंबिवलीत त्याच दोन खोल्यांच्या दवाखान्यात बसणारे. ताईच्या घरातलं प्रत्येक दुखणं त्यांच्या हाताखालून गेलेलं. एरवी घरातली गोष्ट घरातच ठेवणारा माणूस, पण त्या दिवशी काही ऐकायला तयार नव्हता.

विषय माझ्या भाचीचा. वय २४, बँकेत नोकरी, घरात स्थळं बघणं सुरू. (तिला विचारूनच हे लिहितेय.) मानेला उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली, संध्याकाळी अंगात कणकण. ताईने सवयीप्रमाणे फोन लावला, ‘‘डॉक्टर, मागच्या वेळची ती अँटिबायोटिकची गोळी देऊ का हिला?’’ पलीकडून उत्तर आलं, ‘‘आधी घेऊन या. बघितल्याशिवाय सांगणार नाही.’’ ताईला राग आला. पूर्वी फोनवर दहा गोळ्या सांगायचे, आता बघा कसे भाव खातात! मग तिने आपल्याकडे बहुतेक घरांत होतं तेच केलं. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून लिव्होफ्लॉक्सासिनची पट्टी आणली, चिठ्ठीशिवाय. पाच दिवसांत गाठ थोडी बसल्यासारखी वाटली, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा वर आली. या सगळ्यात दीड महिना गेला.

खरं तर दोन्ही ठिकाणी नियम होता, आणि तो आपल्याला माहीतच नव्हता. फोनवरून औषध देण्याबद्दल केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीत, मार्गदर्शक सूचना काढल्या. डॉक्टरांना फोनवर सल्ला द्यायला त्यामुळे अधिकृत परवानगी मिळाली, पण हातही बांधले गेले. साधी, चिठ्ठीविना मिळणारी औषधं कशाही पद्धतीने सांगता येतात. पहिल्यांदाच दाखवणाऱ्या पेशंटला त्यापुढची औषधं द्यायची तर निदान व्हिडीओवर तरी बघायला हवं, आणि अमली किंवा मनावर परिणाम करणारी ठरावीक औषधं फोनवर द्यायचीच नाहीत. शिवाय कुठलाही सल्ला फोनवर द्यावा की समोर बोलवावं, हा निर्णय डॉक्टरचाच. ज्याला आपण ‘भाव खाणं’ म्हणतो ते हे.

दुसरा नियम केमिस्टसाठी. मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ नावाची यादी लागू आहे. सुरुवातीला तीत ४६ औषधं होती. बरीचशी वरच्या पातळीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, काही झोपेच्या गोळ्या. लिव्होफ्लॉक्सासिन त्यातच येतं. ही औषधं विकताना केमिस्टने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. घरातल्या औषधांच्या डब्यात बघा, लाल चौकटीतल्या इशाऱ्याची एखादी पट्टी नक्की सापडेल. ताईच्या केमिस्टने वही उघडलीच नव्हती. आणि त्यातली खरी गोम अशी, की या गटातली औषधं टीबीच्या जंतूंनाही थोडी मारतात. पुरती नाही, थोडीच. त्यामुळे बरं वाटल्यासारखं होतं आणि निदान लांबतं.

हो, टीबीच निघाला. सुईने गाठीतला नमुना काढून तपासला तेव्हा कळलं. गंडमाळ म्हणतात तो, लसीकाग्रंथींचा. आणि तिथून सुरू झालं ते ‘नाव लिहू नका’ प्रकरण. भावजींचं म्हणणं एवढंच, की खासगीत उपचार करू, पैसे खर्च करू, पण सरकारदरबारी नोंद नको. उद्या मुलीच्या लग्नात आडवी आली तर?

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांना मे २०१२ पासून बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनंतर प्रयोगशाळा आणि औषधविक्रेतेही त्यात आले, आणि न कळवणाऱ्याला शिक्षेची तरतूदही. ‘‘मी नाही कळवलं तरी लॅबने कळवायचंच आहे. आणि मी लपवलं तर तिच्या गोळ्या चुकताहेत का, हे माझ्याशिवाय कोण बघणार? उद्या मी आजारी पडलो तर?’’

नोंद म्हणजे चावडीवर लावलेली यादी नव्हे. ‘निक्षय’ नावाच्या सरकारी प्रणालीत ती जाते, आरोग्य विभागाच्या कामासाठी. आरोग्यसेविका घरी येईल, सोसायटीत चर्चा होईल, ही ताईची भीती मात्र मला अगदी खरी वाटली. डॉक्टरांनी त्यावर मार्ग काढला, सेविकेला दवाखान्यातच बोलावलं. नोंदीमुळे गोळ्या मोफत मिळाल्या. पोषणासाठी खात्यात पैसे येतात, २०१८ साली महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. भाचीला त्याची गरज नव्हती. पण तिच्याच बँकेत झाडलोट करणारी बाई असती तर?

उपचार सहा महिन्यांचे, रोज. या औषधांतल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरायचं नाही. पण विवाहित मैत्रिणींनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी, याच औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. डॉक्टरांना आपण ती गोळी घेतो हे सांगायला लाजू नये. दृष्टी अंधुक वाटली तर लगेच कळवायचं, तो दुसऱ्या एका औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. आणि ताट-वाटी वेगळी करायची काहीच गरज नाही. नुसत्या मानेतल्या गाठीचा टीबी दुसऱ्याला लागत नाही. हे ताईच्या सासूबाईंना पटायला दोन महिने लागले, तो भाग वेगळा.

या निमित्ताने डॉक्टरांशी पहिल्यांदाच त्यांच्या बाजूबद्दल बोलणं झालं. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी ३० गुण, ते मिळवायला रविवारची व्याख्यानं. ऑगस्ट २०२३ मध्ये औषधाचं ब्रँडऐवजी मूळ नावच लिहायचं असा नवा नियम आला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला. ‘‘चिठ्ठ्यांचं पॅड छापायला टाकायचं की नाही, तेच कळेना,’’ म्हणून ते हसले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात फॅमिली मेडिसिनची पदव्युत्तर पदवी वाढवायचं लिहिलंय, पण त्यांच्या स्वतःच्या मुलाने ऑर्थोपेडिक निवडलं. दवाखाना पुढे कोण चालवणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

गेल्या महिन्यात भाचीचा कोर्स संपला. वजन चार किलोंनी वाढलंय, त्याचीच तिला चिंता! परवा बघायला आलेल्या मुलाला तिने पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं. भावजी तेव्हा गॅलरीत जाऊन उभे राहिले होते. मुलाने विचारलं, ‘‘गोळ्या पूर्ण केल्यास ना?’’ पुढची भेट ठरलीय.

टीबीचा पेशंट कळवल्याबद्दल खासगी डॉक्टरला सरकार ५०० रुपये देतं आणि उपचार पूर्ण झाल्यावर आणखी ५००, असं ऐकलं होतं. आमच्या डॉक्टरांना ते मिळाले का, हे विचारायचं राहूनच गेलं.