क्लाउडच्या मूळ प्रतिमेत काय ठेवावे?

कळंबोली हे नाव पोलाद बाजार, मालमोटारींची वर्दळ आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे आरंभस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. अलीकडे पनवेल-नवी मुंबईच्या या पट्ट्यात डेटा सेंटरेही उभी राहिली असून, पनवेल येथील योट्टा कंपनीचे केंद्र २०२० साली सुरू झाले. अशा केंद्रातील एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालतात आणि त्यातील प्रत्येक संगणक एका तयार साच्यावरून काही क्षणांत निर्माण होतो. या साच्यास 'इमेज' किंवा प्रतिमा म्हणतात. शासनाच्या ऑनलाइन सेवाही आता मोठ्या प्रमाणावर क्लाउडवर चालत असल्याने, या साच्यात कोणते सॉफ्टवेअर ठेवावे व कोणते वगळावे हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

प्रतिमा सडपातळ ठेवण्यामागे जागेची बचत हे एक कारण आहे. परंतु ते मुख्य नव्हे. साच्यातील प्रत्येक घटकात उद्या सुरक्षेचा दोष आढळू शकतो आणि तो साच्यातून निघालेल्या सर्व संगणकांवर दुरुस्त करावा लागतो. वापरात नसलेले सॉफ्टवेअर हे न वापरलेल्या दारासारखे असते; त्याचीही राखण करावीच लागते. यास्तव ध्वनी, छपाई, वायफाय यांसाठीची सामग्री प्रथम वगळली जाते, कारण आभासी संगणकास ती उपकरणेच नसतात. उबुंटूच्या २०१८ मधील 'मिनिमल' प्रतिमांतून माहितीपुस्तिकाही काढण्यात आल्या. उलट पायथन ही संगणकभाषा अनेकांस अनावश्यक वाटते. पण संगणकास प्रथम सुरू होताना नाव, जाळ्याची जोडणी व प्रवेशाची किल्ली देणारे 'क्लाउड-इनिट' हे सॉफ्टवेअर पायथनमध्येच लिहिलेले आहे. ते हवे असेल तर पायथनही ठेवावे लागते.

मराठीच्या दृष्टीने खरी अडचण येथून पुढे सुरू होते. जागा वाचविताना भाषांची सामग्री आणि फॉन्ट यांवर कात्री चालते. युनिकोडमुळे देवनागरी मजकूर साठविला जातो, हे खरे. मात्र क्रमनियमांची सामग्री नसल्यास यादी केवळ संकेतांकांनुसार लागते. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' नंतर लगेच येतो, तर मराठी वर्णमालेत तो 'ह' नंतर आहे. परिणामी गावांच्या यादीत कर्जत, कळंबोली, कशेळे, कसारा असा क्रम लागतो. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या क्रमाप्रमाणे कळंबोली शेवटी यावयास हवी.

फॉन्टचा दोष अधिक फसवा असतो. संकेतस्थळाचे पान नागरिकाच्या स्वतःच्या संगणकावरील फॉन्टने दिसते, त्यामुळे चाचणीत सर्व काही ठीक वाटते. दाखल्याची पीडीएफ प्रत मात्र सर्व्हरवर तयार होते. तेथे देवनागरी फॉन्ट नसेल तर नावाच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. वेळेचेही तसेच. कालविभागांची माहिती वगळली आणि संगणक जागतिक वेळेवर राहिला, तर पहाटे २ वाजता केलेल्या अर्जावर आदल्या दिवसाची तारीख पडते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये सेवांना कालमर्यादा असल्याने हा फरक क्षुल्लक म्हणता येणार नाही.

म्हणून सर्व भाषांचे फॉन्ट मूळ साच्यात कोंबावेत काय? तसे करणे योग्य ठरणार नाही. माहितीचा साठा सांभाळणाऱ्या सर्व्हरला फॉन्टचा उपयोग नाही. दाखले तयार करणाऱ्या सर्व्हरला आहे. युनिकोडची व्यवस्था व कालविभाग मूळ प्रतिमेत, आणि मराठी क्रमनियम व फॉन्ट ज्या सेवेस लागतील तिच्या वरच्या थरात, अशी विभागणी सोयीची होय. कार्यालयाने सेवा स्वीकारण्यापूर्वी 'ळ' व जोडाक्षरे असलेल्या नावाचा एक दाखला प्रत्यक्ष काढून पाहावा आणि त्यावरील तारीखही तपासावी. या तपासणीस संगणकशास्त्र यावे लागत नाही. ग्रामपंचायतीचा सदस्यही ती करू शकेल.