कोणता मार्ग स्वस्त?
पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हा सुमारे ३१ किलोमीटरसाठी अंदाज होता ११,४२० कोटी रुपये. आकडा डोळ्यांत भरतो, कारण तो एकाच कागदावर दिसतो. त्याऐवजी खासगी वाहनांसाठी उड्डाणपूल बांधला, तर त्याचा खर्च मात्र विखुरलेला असतो: दुचाकी, पेट्रोल, विमा प्रवाशाच्या खिशातून, पार्किंगची जागा महापालिकेची, अपघात आणि धूर साऱ्या शहराच्या माथी. कोंडीत गेलेले तास निविदेत दिसतच नाहीत. म्हणून किलोमीटरमागे नव्हे, प्रवाशामागे खर्च काढावा, तोही निदान तीस वर्षांचा आणि स्थानकापर्यंतच्या पदपथासकट. तिसरा पर्याय बसचा: पुण्याने २००६ मध्ये सुरू केलेल्या बीआरटीसारख्या, फक्त बससाठी राखीव मार्गिकेला मेट्रोपेक्षा भांडवल कमी लागते. पण मार्गिका मोकळी राखणे, पुरेशा बस आणि चालक पुरवणे हा खर्च दरवर्षीचा आहे.