चिनी पालेभाजी : कढईत उत्तम, पेल्यात नको

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. बारा वर्षांचा मधुमेह. पिशवीतून त्यांनी एक गड्डा काढून टेबलावर ठेवला. जाड पांढरे देठ, वर गर्द हिरवी, चमच्याच्या आकाराची पाने. "डॉक्टर, मुलीनं पुण्याहून पाठवलीय. बोक चॉय म्हणतात. रोज सकाळी हिचा कच्चा रस प्यायला की साखर उतरते म्हणे. सुरू करू का?"

मी म्हणालो, "गुरुजी, भाजी करून जरूर खा. रस मात्र नको." असे का, ते वाचकांनाही कळावे म्हणून आजचा लेख.

बोक चॉय ही मूळची चीनची. कँटनी भाषेत या नावाचा अर्थ 'पांढरी भाजी'. मोहरी, कोबी, मुळा यांच्याच कुळातली. 100 ग्रॅम कच्च्या भाजीत सुमारे 105 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पालकात ऑक्झलेट भरपूर असल्याने त्यातले कॅल्शियम अंगी फारसे लागत नाही. बोक चॉयमध्ये ऑक्झलेट कमी, म्हणून तिच्यातले जवळजवळ निम्मे कॅल्शियम शरीर शोषून घेते.

घेताना देठ कडक आणि रसरशीत आहेत का ते पाहावे. पिवळी पाने, तपकिरी पडलेला बुंधा किंवा फुलावर आलेला गड्डा घेऊ नये. लहान गड्डे कोवळे असतात. देठांच्या बेचक्यात माती अडकते. म्हणून गड्डा उभा चिरून दोन-तीन पाण्यांतून धुवावा आणि पूर्ण निथळू द्यावा. ओली भाजी कढईत परतली जात नाही, नुसती वाफवते आणि लगदा होतो.

चिनी गृहिणी ती मोठ्या आचेवर झटपट करते. तेल चांगले तापले की ठेचलेला लसूण आणि आले, मग आधी देठ. ते दीड-दोन मिनिटे परतले की पाने घालावीत. अर्ध्या मिनिटात पाने मऊ पडतात, देठ मात्र कुरकुरीत राहतो. एका वेळी थोडीच भाजी टाकावी.

आता रसाविषयी. या कुळातल्या भाज्यांत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्ये असतात. कच्चे पान वाटले की भाजीतलेच एक एन्झाइम त्यांचे विघटन करते. त्यातून तयार होणारे काही पदार्थ थायरॉइड ग्रंथीला आयोडिन घेऊ देत नाहीत. शिजवल्यावर हे एन्झाइम बरेचसे निकामी होते.

2010 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात एका 88 वर्षांच्या चिनी बाईंची हकीकत छापून आली. मधुमेह आटोक्यात राहावा म्हणून त्या कित्येक महिने रोज एक ते दीड किलो कच्ची बोक चॉय खात होत्या. थायरॉइडचे काम इतके मंदावले की त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. प्रमाण अफाट होते हे खरे. पण रस काढला की ताटात न मावणारी भाजी दोन पेल्यांत सहज मावते, हे विसरू नये. वाटीभर शिजवलेल्या भाजीला घाबरण्याचे कारण नाही.

आणखी दोन सूचना. चिनी पद्धतीत वरून सोया सॉस घालतात. त्याच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमांहून अधिक मीठ असते आणि दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमांची आहे. रक्तदाबाच्या रुग्णांनी तो थेंबांतच वापरावा आणि वेगळे मीठ घालू नये. दुसरे, हृदयाची झडप बदललेल्या किंवा अन्य कारणाने रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी जपावे. या भाजीत के जीवनसत्त्व पुष्कळ असते आणि ते गोळीचा परिणाम कमी करते. पालेभाज्या सोडू नयेत, पण आठवडाभर काहीच नाही आणि मग एकदम गड्डाभर, असेही करू नये. प्रमाण ठरावीक ठेवावे व डॉक्टरांना सांगावे.

गुरुजींना जाताना एवढेच बजावले, "भाजी ताटात, गोळ्या वेळेवर आणि संध्याकाळचे चालणे चुकवायचे नाही. कोणत्याही रसाच्या भरवशावर गोळी बंद करू नका."