उपवासाचे तास आणि वजनाचा काटा

आजचा विषय जाहीर झाल्यापासून भेटेल तो आम्हाला एकच सांगतोय, "डॉक्टर, हो की नाही तेवढं सांगा." म्हणजे इंटरमिटंट फास्टिंगने वजन उतरतं का, याचं एका शब्दात उत्तर द्या. ते आधी देऊन टाकतो. उतरतं. पण मोबाईलवरच्या व्हिडिओत जे कारण सांगतात त्या कारणाने नाही, आणि जितकं सांगतात तितकंही नाही. उरलेला वेळ या 'पण'साठी आहे.

आधी आपण कशाबद्दल बोलतोय ते ठरवून घेऊ. या नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. एक, रोजच्या जेवणाला आठ तासांची चौकट घालायची आणि सोळा तास काही खायचं नाही, ज्याला १६:८ म्हणतात. दुसरी, आठवड्यातले पाच दिवस नेहमीसारखं आणि दोन दिवस अगदी थोडं, ५:२. तिसरी, एक दिवसाआड उपवास. महाराष्ट्रात यातली पहिली तऱ्हा वेगळ्या नावाने घरोघरी पोचली. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी सांगितलेला मार्ग म्हणजे दिवसातून दोनदाच जेवा, आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. त्याच सुमारास दुसरीकडून नेमका उलटा सल्ला येत होता, की दर दोन तासांनी थोडं थोडं खा.

आमच्या दवाखान्यात एका घरातल्या दोघी येतात. सासूबाई दोन वेळा जेवणाऱ्या, सूनबाई दोन-दोन तासांनी खाणाऱ्या. घरात यावरून चांगलीच जुंपते. आणि गंमत म्हणजे चार महिन्यांत दोघींचंही वजन उतरलं. आता दोन विरुद्ध सल्ले एकाच वेळी खरे कसे?

उत्तर आम्हाला त्यांच्या वहीत मिळालं. दोघींनीही खाल्लेलं लिहून ठेवलं होतं. सासूबाईंचा संध्याकाळच्या चहाबरोबरचा फरसाण बंद झाला होता आणि रात्री मालिका बघताना हात डब्यात जायचा तोही थांबला होता. सूनबाईंनी मधल्या वेळेला फळ आणि मूठभर चणे धरले, त्यामुळे ऑफिसातले वडापाव आणि बिस्किटं गेली. घड्याळ दोघींचं वेगळं, पण ताटातून जे गेलं ते जवळजवळ सारखंच.

व्हिडिओत सांगतात ते असं. आपण खाल्लं की इन्सुलिन वाढतं. इन्सुलिन वाढलेलं असताना चरबीच्या कोठाराला कुलूप असतं. न खाता राहिलं की इन्सुलिन उतरतं, कुलूप उघडतं, चरबी जळते. म्हणून किती खाल्लं हे मोजू नका, किती वेळा खाल्लं ते मोजा. यातलं पहिलं अर्ध बरोबर आहे, आम्ही ते नाकारत नाही. उपाशी तासांत चरबी खरोखरच बाहेर येते आणि वापरली जाते. पण जेवल्यावर ती परत आत जाते, हे सांगायचं राहून जातं. बँकेतून सकाळी पैसे काढले आणि संध्याकाळी तेवढेच भरले, तर सकाळच्या स्लिपकडे बघून शिल्लक घटली म्हणणार का आपण? हिशेब दिवसाअखेरचा, खरं म्हणजे महिन्याअखेरचा.

"पण पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरलं हो!" असं पुष्कळ जण सांगतात. उतरलंच असणार. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेलं असतं, म्हणजे साखरेचा राखीव साठा. त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतो. हा साठा निम्मा जरी रिकामा झाला, तरी काटा जवळपास किलोभर खाली येतो. आतड्यांतला ऐवजही कमी झालेला असतो. चरबीचं गणित मात्र वेगळं. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली, तर एक किलो जायला पंधरा दिवस लागतात. पहिल्या आठवड्याचा आनंद जरूर घ्या, फक्त त्याच वेगाने पुढचे महिने मोजू नका. तिसऱ्या आठवड्यात काटा अडला म्हणून सगळं सोडून देणारी माणसं आम्ही दर महिन्याला बघतो.

आता माणसांवर केलेल्या चाचण्यांकडे येऊ. उंदरांच्या आपण सोडू. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने २०१२ साली उंदरांवर जे दाखवलं ते फार सुंदर काम आहे. पण उंदराचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं, त्याचा सोळा तासांचा उपास आणि आपला सोळा तासांचा उपास एकच नव्हे. 'ऑटोफॅजी'चंही तसंच. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं ते पेशी स्वतःचा कचरा कसा साफ करतात याच्या शोधासाठी, आणि तो शोध लागला यीस्टमध्ये. बाराला नाश्ता केल्याने पोट आत जातं असं काही त्यात नव्हतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात ११६ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली. २०२० साली ती छापून आली. एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ या वेळातच खायचं, काय आणि किती यावर बंधन नाही. दुसऱ्या गटाने दिवसातून तीन वेळा नेहमीसारखं जेवायचं. उपवासाच्या गटाचं वजन सरासरी ०.९४ किलो उतरलं, नेहमीच्या गटाचं ०.६८ किलो. फरक पाव किलोचा, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने नसल्यातच जमा. या अभ्यासाचे प्रमुख संशोधक, हृदयरोगतज्ज्ञ ईथन वाईस, स्वतः कित्येक वर्षं हाच उपवास करत होते. आपल्याच चाचणीचे आकडे बघून त्यांनी तो बंद केला. याला आम्ही प्रामाणिकपणा म्हणतो.

त्यांना थांबवणारी गोष्ट वजनाच्या आकड्यापेक्षा वेगळी होती. काही जणांच्या शरीराची घडण त्यांनी यंत्रावर तपासली. उपवासाच्या गटात जे वजन गेलं त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग चरबीचा नव्हता, स्नायूंसारख्या ऊतींचा होता. एरवी वजन उतरताना हा वाटा पाव ते तीस टक्के असतो. सगळ्याच चाचण्यांत असं दिसलेलं नाही, हेही सांगायला हवं. पण आपल्याकडे ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही, कारण स्नायूंच्या बाबतीत आपण मुळातच गरीब आहोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले दोघांचे फोटो छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! बारीक दिसणारा, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी असलेला माणूस म्हणजे आपण. अशा माणसाचं वजन स्नायू जाऊन उतरलं, तर काटा खूश आणि साखर नाराज.

चीनमधल्या ग्वांगझोऊची चाचणी २०२२ ची, वर्षभराची, १३९ जणांची. तिथे दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी करून दिल्या. एका गटाने त्या सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच खाल्ल्या, दुसऱ्याने दिवसभरात केव्हाही. वर्षाअखेरीस एक गट ८ किलोंनी हलका झाला, दुसरा ६.३ किलोंनी. वाचताना वाटतं, जिंकला की उपवास. पण माणसामाणसांतला फरकच इतका होता की हे अंतर योगायोगानेही येऊ शकतं.

मग आम्ही सुरुवातीला 'उतरतं' म्हणालो ते कशावरून? शिकागोच्या अभ्यासावरून, जो २०२३ साली आला. ९० जण, एक वर्ष. एका गटाला सांगितलं, कॅलरी मोजत बसू नका, फक्त वेळ पाळा. पहिले सहा महिने दुपारी १२ ते रात्री ८. दुसऱ्या गटाने रोज मोजूनमापून २५ टक्के कमी खायचं. तिसऱ्याने काहीच बदलायचं नाही. तिसऱ्या गटाशी ताडून बघता, वेळ पाळणाऱ्यांचं वजन ४.६ किलोंनी कमी झालं आणि मोजणाऱ्यांचं ५.४ किलोंनी. दोघांत खरा फरक नाही. वेळ पाळणाऱ्यांच्या खाण्यातून न मोजताच रोजच्या सुमारे चारशे कॅलरी गळाल्या होत्या. आमच्या मते या सगळ्या भानगडीतला कामाचा मुद्दा हा आहे. ज्याला वाटी-चमचा मोजण्याचा कंटाळा आहे, त्याला 'आठनंतर नाही' हा एक नियम सोपा जातो. चरबीचं कुलूपबिलूप सोडून द्या, हा निव्वळ स्वयंपाकघराला लावलेला कडी-कोयंडा आहे. आणि ज्याला तो सोसतो त्याच्यासाठी तो चांगला आहे.

सगळ्यांना सोसत नाही. एक दिवसाआड उपवासाची वर्षभराची चाचणी २०१७ साली आली, १०० जणांची. त्यातले ३८ टक्के लोक मध्येच गळाले, रोज थोडं कमी खाणाऱ्या गटातले २९ टक्के. जे टिकले त्यांचं वागणं तर फार माणसासारखं आहे. उपवासाच्या दिवशी ते ठरल्यापेक्षा जास्त खाऊ लागले आणि मोकळ्या दिवशी ठरल्यापेक्षा कमी. म्हणजे हळूहळू दोन्ही दिवस एकमेकांकडे सरकत रोजच्या साध्या जेवणावर आले.

आणि आपल्या उपवासाचं काय? संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे कुणा आहारतज्ज्ञाने सांगायची गरज पडली नाही. साठ ग्रॅम साबुदाणा म्हणजे साधारण २१० कॅलरी, पंचवीस ग्रॅम दाण्याचं कूट १४० च्या आसपास, वीस ग्रॅम तूप १८०, वर थोडा बटाटा. साडेपाचशेच्या पुढे गेली एक बशी, आणि त्यात प्रथिनं जेमतेम सहा-सात ग्रॅम, तीही दाण्यांची. वर बटाट्याचा चिवडा आणि राजगिऱ्याचे लाडू. या उपवासाबद्दल आमची तक्रार नाही. तो वजनासाठी कधी नव्हताच. फक्त 'मी आठवड्याला दोन उपवास करते तरी वजन हलत नाही' असं म्हणताना बशी आठवा.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगायची आहे. आमच्याकडे येणारे एक निवृत्त गृहस्थ, मधुमेहावर रोज सकाळी ग्लिमेपिराईडची गोळी. त्यांनी व्हिडिओ बघून नाश्ता बंद केला, गोळी मात्र सकाळी आठलाच चालू ठेवली. गोळी चुकवायची नाही, हे आम्हीच तर बजावलं होतं. पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला ते बसथांब्यावर घामाघूम होऊन खाली बसले. बोलणं अडखळत होतं, लोकांना वाटलं प्यायलेत. एका फळवाल्याला शंका आली, त्याने उसाचा रस पाजला, म्हणून आज ते आमच्याशी बोलतायत. दवाखान्यात आणलं तेव्हा, रस पोटात गेल्यावरसुद्धा, साखर ५८ होती. महिन्यापूर्वीच ते तपासणीला येऊन गेले होते आणि खाण्याच्या वेळा बदलायचं त्यांच्या मनात तेव्हाच होतं. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. उपास काय डॉक्टरला विचारून करायचा असतो का, असं त्यांना वाटलं. चूक आमची. तेव्हापासून साखर तपासण्याआधी आम्ही 'सकाळी किती वाजता खाता' हे विचारतो.

म्हणून, इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड या जातीच्या गोळ्या घेणारे यांनी जेवणाच्या वेळा हलवण्याआधी औषधाच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यायच्या. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांवर लांब उपवास केला, तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. तेही आधी विचारायचं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी या फंदात पडू नये, वाढत्या मुलांनी नाही, आणि खाण्याशी ज्यांचं भांडण आधीच चालू आहे त्यांनी तर मुळीच नाही. सत्तरीच्या आजोबांचं वजन उतरवण्यापेक्षा त्यांच्या मांडीतलं मांस राखणं मोलाचं असतं.

बाकीच्यांनी करून बघायला आमची हरकत नाही. दोन जेवणं करणार असाल तर दोन्हींत प्रथिनं ठासून बसवा. सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास लागतात, आणि वाटीभर पातळ वरणात जेमतेम चार-पाच मिळतात. उसळ, दही, पनीर, अंडी, मासे, जे घरात चालतं ते. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जोर किंवा वजनं, म्हणजे जाईल ते चरबीतून जाईल. आणि काट्याबरोबर कंबरेला टेप लावा.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्या आहेत. पहिली वाचतो. "सोळा तासांत चहा चालतो का?" कोरा, बिनसाखरेचा चालतो. दूध-साखरेचा, आपला नेहमीचा, एका कपाला साठ-सत्तर कॅलरी धरा. दिवसाला एक प्यायलात तर काही बिघडत नाही, पाच प्यायलात तर एका जेवणाएवढा झाला. दुसरी चिठ्ठी त्याच हस्ताक्षरात आहे. "आणि चहाबरोबर खारी?"




नाही.