‘यात त्याचा काय फायदा?’
निःस्वार्थ सेवा ओळखायची कशी: जामखेड आणि दरेवाडीचा धडा



गावात बाहेरचा माणूस चार चांगल्या गोष्टी सांगून गेला की पारावर एक प्रश्न हमखास निघतो, ‘यात त्याचा काय फायदा?’ बियाण्याच्या कंपनीचा माणूस असो, संस्थेचा असो, पुढारी असो, नाहीतर आम्ही विस्ताराची माणसं असो. हदगाव, तामसा, निवघा, मनाठा, कुठंही जा, प्रश्न तोच. आणि तो चुकीचाही नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकूनच पिणार. पण नुसता प्रश्न विचारून भागत नाही, त्याचं उत्तर तपासावं लागतं. नाहीतर खऱ्या माणसालाही आपण दारातून परत लावतो आणि नुकसान गावाचंच होतं.

ख्रिस्ती सेवाभावी माणसांच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. ‘दवाखाना काढला म्हणजे धर्म वाढवायचा असेल,’ असं लोक सरळ बोलतात. हा संशय आजचा नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात नगर भागात मिशनऱ्यांनी अन्न दिलं, काम दिलं आणि त्यानंतर बरीच माणसं ख्रिस्ती झाली. ती भाकरीसाठी झाली की मनापासून, हा वाद तेव्हा खुद्द मिशनऱ्यांमध्येही होता.

त्या धर्माची मूळ शिकवण मात्र या बाबतीत कडक आहे. दान लोकांनी पाहावं म्हणून करू नये, गाजावाजा न करता करावं, असं येशूनं शिष्यांना शिकवलं. त्यानं सांगितलेली शोमरोनी माणसाची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. लुटारूंनी मारलेला एक वाटसरू रस्त्यात पडला होता. त्याच्याच धर्मातले दोन प्रतिष्ठित लोक बाजूनं निघून गेले. थांबला तो शोमरोनी, ज्याच्या समाजाशी त्या वाटसरूचा समाज व्यवहारही ठेवत नव्हता. त्यानं जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उताराच्या ठिकाणी नेलं, पुढच्या खर्चाचे पैसे दिले आणि आपल्या वाटेनं गेला. बदल्यात काहीच मागितलं नाही. लोकांसाठी धर्मशाळा बांधून स्वतःजवळ खराटा आणि गाडगं ठेवणारे गाडगेबाबा ज्यांना माहीत आहेत, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

शिकवण झाली. आता प्रत्यक्षातलं पाहू. दोन्ही उदाहरणं नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातली आहेत.

विद्या वाटून टाकणारे डॉक्टर

आपल्या बीड जिल्ह्याला लागून जामखेड तालुका आहे. पाऊस कमी, जमीन हलकी, ऊसतोडीला जाणारी माणसं. १९७० मध्ये तिथं डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे येऊन राहिले. दोघंही ख्रिस्ती, वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १९६० मध्ये लग्न झालं तेव्हाच खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य घालवायचं त्यांनी ठरवलं होतं. पुढं अमेरिकेत जाऊन शिकले. तिथं राहिले असते तर पैशाला तोटा नव्हता. ते जामखेडला आले.

आल्यावर लोकांना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? लोकांनी दवाखाना आधी मागितला नाही, आधी पाणी आणि भाकरी मागितली. तो काळ १९७२ च्या दुष्काळाचा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तांबडा मिलो, सुकडी आणि खडी फोडायची कामं अजून आठवतात. डॉक्टरांनी आपला आग्रह बाजूला ठेवला आणि पाण्याचं काम हाती घेतलं. हापसे बसवायची वेळ आली तेव्हा बोअरच्या जागा त्यांनी दलित वस्तीत घ्यायला लावल्या. पाणी पाहिजे तर सगळ्या गावाला तिथं यावं लागलं. शिवाशिवीवर भाषण न देता त्यांनी हापशाची जागा बदलली.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. आधी शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या, ते जमलं नाही. मग गावानंच आपली एक बाई निवडून द्यायची आणि तिला जामखेडला शिकवायचं, असं ठरलं. यातल्या कितीतरी बाया निरक्षर होत्या, बऱ्याच दलित समाजातल्या होत्या. त्यांना गरोदर बाईची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, हगवणीवर साखर-मीठ-पाणी, कुष्ठरोगाची ओळख हे सगळं शिकवलं. पुरुषांची शेतकरी मंडळं निघाली. त्यांनी बांध घातले, झाडं लावली. १९७१ मध्ये त्या भागात हजार जन्मांमागं १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला.

आता आपला प्रश्न इथं लावून पाहा. डॉक्टरचा धंदा कशावर चालतो? आपल्याला जे येतं ते दुसऱ्याला येत नाही, यावर. आरोळे दांपत्यानं तीच विद्या अडाणी म्हणून हिणवलेल्या बायांना देऊन टाकली. आपलेच पेशंट कमी करणारा डॉक्टर स्वार्थी कसा म्हणायचा? १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. काम थांबलं नाही.

माथा ते पायथा

दुसरं उदाहरण थेट आपल्या शेतीचं आहे. फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे, येशूसंघाचे धर्मगुरू. १९४८ मध्ये भारतात आले आणि साठ वर्षांहून जास्त काळ इथं राबले. लोक त्यांना बाखरबाबा म्हणत. नुसती विहीर खोदून दुष्काळ हटत नाही, डोंगरमाथ्यावर पडलेलं पाणी तिथंच अडवलं पाहिजे, हे ओळखून त्यांनी भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा करायला पुढाकार घेतला. पैसा जर्मनीचा, जोडीला नाबार्ड. १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था निघाली.

पैसा आणला म्हणून त्यांनी गावाला फुकट खाऊ घातलं नाही. अटी कडक होत्या. श्रमदान करा, कुऱ्हाडबंदी पाळा, चराईबंदी पाळा, आणि कारभार गावाच्या पाणलोट समितीनं पाहायचा. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत पूर्वी टँकरवर दिवस काढावे लागत. तिथं १९९६ पासून माथा ते पायथा कामं झाली. चराईबंदीचा पहिला चटका बसतो तो शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या माणसाला, कारण त्याला रान नसतं. म्हणून तिथं बंदी एकदम न लावता टप्प्याटप्प्यानं लावली. बागायतदाराचं पाणी वाढावं म्हणून भूमिहीनाच्या शेळ्या विकायला लावणं ही सेवा होत नाही, हा मुद्दा आपल्याकडच्या पाणलोट समित्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

बाखरबाबा २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले. त्यांनी लावून दिलेली माथा ते पायथा ही रीत आज पुष्कळ गावांना आपलीच वाटते.

तीन कसोट्या

माणसाचं मन कोणी उघडून पाहू शकत नाही. पण काम पाहता येतं. वरच्या दोन उदाहरणांवरून तीन कसोट्या निघतात, त्या कोणत्याही धर्माच्या, पक्षाच्या आणि खात्याच्या माणसाला लावता येतील.

पहिली, तो आल्यावर आधी विचारतो की आधी सांगतो? जामखेडला डॉक्टरांनी आधी विचारलं.

दुसरी, लाभ कोणाच्या दारात आधी पोचतो? आपल्याकडंही हिशोब करून पाहा. प्रात्यक्षिकाचा प्लॉट दरवेळी डांबरी रस्त्यालगतच्या बागायतदाराच्याच रानात का असतो? हळदीचं नवं बेणं कोरडवाहू माणसापर्यंत किती वर्षांनी जातं? गावचा हापसा कोणाच्या घरासमोर आहे?

तिसरी, तो गेल्यावर काय उरतं? नुसती पाटी आणि फोटो उरले तर ती जाहिरात. गावातल्या चार माणसांना ते काम स्वतः करता आलं तर ती सेवा.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि आम्ही विस्ताराची माणसं पगार घेतो, म्हणून आम्हाला ह्या कसोट्या लागू नाहीत असं नाही. पगार कामाचा असतो. ज्याला खरी गरज आहे त्याच्या बांधावर आधी जायचं की नाही, हे पगार ठरवत नाही.

पुढच्या ग्रामसभेत एखादी योजना, संस्था किंवा कंपनी आली तर ‘यात त्याचा काय फायदा?’ हे मागं पारावर न विचारता तिथंच, सगळ्यांसमोर, मान ठेवून विचारा. आणि जोडीला एवढंही विचारा, ‘तुम्ही गेल्यावर हे काम आमच्यातलं कोण करणार? त्याला शिकवणार का?’ ज्याच्या मनात खोट नाही तो या प्रश्नावर रागावणार नाही. त्याला बसायला घोंगडी टाका आणि त्याचं काम नीट ऐकून घ्या.