न पोचलेल्या पॅकेटचा अभ्यास

संगणकांच्या जाळ्यातून निरोप अखंड जात नाही. त्याचे छोटे तुकडे होतात. अशा प्रत्येक तुकड्याला पॅकेट म्हणतात आणि त्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो पत्ता वाचून पॅकेट पुढच्या राउटरकडे सोपवतो. जुन्या ट्रंक कॉलमध्ये पुण्याहून नागपूरला फोन लागला की संभाषण संपेपर्यंत तेवढी वाट त्या दोघांसाठीच अडून राही, मग ते बोलोत वा गप्प बसोत. पॅकेटच्या पद्धतीत एकाच तारेवरून हजारोंचे तुकडे सरमिसळ होऊन धावतात. १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे अर्पानेट या पॅकेटवर चालणाऱ्या सुरुवातीच्या जाळ्यावरचा पहिला निरोप निघाला. ‘लॉगिन’ या शब्दाची पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडची यंत्रणा बंद पडली.

अशा अपयशांसह काम कसे चालू ठेवायचे, हा या विषयाचा गाभा आहे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत तो बहुधा तिसऱ्या वर्षी शिकवला जातो आणि त्याची सुरुवात जवळजवळ हमखास ओएसआय प्रारूपाच्या सात थरांनी होते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रारूपातली थरांची नावे तोंडी परीक्षेत क्रमाने म्हणून दाखवावी लागतात. प्रत्यक्षातले इंटरनेट मात्र टीसीपी-आयपी या नियमसंचावर चालते. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली त्याचा आराखडा मांडला आणि १ जानेवारी १९८३पासून अर्पानेटने तो स्वीकारला. थरांची यादी पाठ असण्यापेक्षा थर का पाडले, हे कळणे जास्त मोलाचे आहे. वायफायच्या जागी केबल आली तरी ब्राउझरमध्ये एकही ओळ बदलावी लागत नाही, कारण खालच्या थराने आपले काम कसे केले याची वरच्या थराला फिकीर नसते.

विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त धास्ती असते ती सबनेटिंगच्या, म्हणजे पत्त्यांची छोट्या जाळ्यांत वाटणी करण्याच्या गणिताची. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतला पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. पत्त्याचा पुढचा भाग जाळे सांगतो, मागचा त्या जाळ्यातले यंत्र. पन्नास संगणकांच्या प्रयोगशाळेसाठी मागचे ६ बिट राखले तर ६४ पत्ते मिळतात. त्यांतला पहिला जाळ्याच्या स्वतःच्या ओळखीसाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक देण्यासाठी जातो, उरतात ६२. एवढेच हे गणित आहे. ते अवघड वाटते ते दशमान आकड्यांतून करू पाहिल्यामुळे. पत्ता एकदा शून्य-एकमध्ये मांडून रेघ मारली की जाळे कुठे संपते, ते डोळ्यांना दिसते.

आता मुख्य मुद्दा. आयपी कसलीच हमी देत नाही. पॅकेट हरवेल, उशिरा येईल, दोनदा येईल किंवा मागचे आधी पोचेल. विश्वासार्हता निर्माण करतो त्यावरचा टीसीपी, आणि तोही दोन टोकांच्या संगणकांत बसून. तो पाठवलेल्या बाइटांना क्रमांक देतो, पोच येण्याची वाट पाहतो आणि पोच न आल्यास तो भाग पुन्हा पाठवतो. ही योजना निर्दोष वाटते, पण तिच्यातूनच मोठे संकट उभे राहिले.

ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला प्रवाह सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांमधले अंतर होते सुमारे ४०० यार्ड. कुठलीही तार तुटली नव्हती. राउटरपाशी रांग वाढली, पोच उशिरा येऊ लागली, म्हणून प्रत्येक संगणकाने तीच पॅकेट पुन्हा पाठवली आणि रांग आणखी लांबली. नियम सगळे पाळले जात होते, पण कामाचे मात्र जवळजवळ काहीच पोचत नव्हते. व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्यासह यावर उपाय शोधला आणि १९८८ साली त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. सुरुवात एका पॅकेटने करायची, पोच येत राहील तसे प्रमाण दर फेरीला दुप्पट करायचे, आणि पॅकेट हरवले की गर्दी झाली असे समजून आपला वेग झटकन उतरवायचा. कोणताही मध्यवर्ती नियंत्रक नसताना प्रत्येक यंत्र स्वतःहून मागे सरते आणि त्यामुळे जाळे सर्वांसाठी चालू राहते. संगणकशास्त्रात याहून देखणी कल्पना क्वचितच सापडेल. अभ्यासक्रमात तिला एखाद-दुसरे व्याख्यान मिळते, ही खेदाची गोष्ट आहे.

हे सारे फळ्यावर समजत नाही, त्यासाठी प्रयोगशाळा हवी. केबल क्रिंप करणे आणि जर्नल पूर्ण करणे म्हणजे प्रात्यक्षिक झाले, अशी समजूत असते. पण वायरशार्क हे पॅकेट टिपून दाखवणारे साधन उघडून आपल्याच संगणकातून निघणारी पॅकेट पाहिली की पुस्तकातली आकृती जिवंत होते. इथरनेटच्या एका चौकटीत साधारणतः १५०० बाइटांचा मजकूर मावतो. त्यातले किमान २० आयपीच्या मथळ्यात आणि २० टीसीपीच्या मथळ्यात खर्च होतात, म्हणून प्रत्यक्ष माहितीसाठी १४६० उरतात. हा आकडा पडद्यावर स्वतः पाहिलेला विद्यार्थी थर कधी विसरत नाही.

दुसरे साधन ट्रेसरूट. प्रत्येक पॅकेटवर त्याने किती टप्पे जगायचे याचा आकडा असतो आणि प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट टाकून देऊन राउटर सहसा पाठवणाऱ्याला तसे कळवतो. ट्रेसरूट मुद्दाम १, मग २, मग ३ असे आकडे घालून पॅकेट पाठवतो आणि परत आलेल्या नकारांवरून वाटेतल्या राउटरांची यादी तयार करतो. पुण्यातून लंडनमधल्या सर्व्हरपर्यंतची यादी काढली, तर सुरुवातीच्या ओळींत काही मिलिसेकंदांचा असलेला वेळ एका ठिकाणी एकदम शंभराच्या पुढे उडी मारतो. पॅकेट तिथे देशाबाहेर पडलेले असते. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या अनेक केबल येऊन पोचतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत ७,२०० किलोमीटर धरले तरी जाण्यायेण्यात ७२ मिलिसेकंद लागणारच, आणि केबलची वाट सरळ नसते.