बंद बंगल्याची ज्ञानेंद्रियं

मुंबईचा गोंगाट सोसवेना म्हणून अलिबागला बिऱ्हाड हलवण्याची रीत जुनी आहे, आणि तिच्या आरंभी चुंबकाच्या काही नाजूक सुया आहेत. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं काम कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून चालू होतं. शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं दिसू लागलं, तेव्हा त्या प्रवाहानं इथल्या नोंदी बिघडणार हेही स्पष्ट झालं. मग १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, बांधकामात लोखंड कटाक्षानं टाळून. दोन वर्षं दोन्ही ठिकाणी जोडीनं नोंदी घेतल्या, ताळा जमवला, आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली तेव्हा मोजमापं समुद्रापलीकडे सुखरूप चालू होती. ती वेधशाळा आजही काम करते आहे.

आवास, सासवणे, किहीमच्या नारळी-सुपारीच्या वाड्यांमध्ये ज्यांनी कोट्यवधी रुपये घालून बंगले बांधले, त्यांनीही खरं तर हीच वस्तू विकत घेतली: निवांतपणा. त्यांच्या व्हरांड्यात होम ऑटोमेशनवाला टॅब्लेट घेऊन बसतो. एका बोटात पडदे सरकतात, झुंबर मंद होतं, तलावातलं पाणी निळं-जांभळं होतं. मालक सगळं बघून घेतात आणि म्हणतात, नको.

कारणं साधारण ठरलेली असतात. ‘अहो, मुंबईत दिवसभर स्क्रीनच बघतो, इथे तरी नको.’ ‘आमचे माळीकाका आहेत ना, त्यांना घराचा कोपरा न् कोपरा माहीत आहे.’ ‘एकदा वीज पडली की सगळं जळतं. इंटरकॉम बसवला होता, तो पहिल्याच पावसात गेला.’ आणि हळू आवाजात आणखी एक: ‘उद्या तुमची कंपनी बंद पडली तर?’

या चारही कारणांत मला दम वाटतो. विकणाऱ्याचं चुकतं ते वेगळ्याच जागी. तो मालक बंगल्यात असतील त्या दिवसांसाठी माल दाखवतो, आणि बंगला तर वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद असतो. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, त्याच्या २१.८ किलोमीटरमुळे अलिबागची वाट सोपी झाली. तरी गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंदच असतात, आणि घराला माणसाची खरी गरज नेमकी तेव्हाच असते. सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस, खारं वारं, आणि आत गाद्या, पुस्तकं, सागवानी कपाटं, कदाचित एखादं मोठं चित्र. चोर क्वचित येतो. ओल दरवर्षी येते.

इथून पुढे हा विषय मला थक्क करतो, कारण ओल ओळखणारं यंत्र इतकं लहान असतं की बोटाच्या पेरावर तीनचार मावतील. त्याच्या आत दोन विद्युतवाहक थर आणि त्यांच्यामध्ये काही मायक्रोमीटर जाडीचा पॉलिमरचा पापुद्रा. उघडा ठेवलेला पापड सादळतो तसा हा पापुद्रा हवेतली वाफ शोषून घेतो. आता, असे दोन थर मिळून विद्युतभार साठवतात. किती साठवतील ते मधल्या पदार्थाच्या एका गुणांकावर ठरतं. पॉलिमरचा हा गुणांक तीनच्या आसपास आणि पाण्याचा तब्बल ८०. म्हणून पापुद्र्यात पाण्याचा अंश जरा वाढला की साठवणक्षमता लगेच बदलते आणि चिप तो बदल आकड्यात सांगते: आतली सापेक्ष आर्द्रता ८४ टक्के. ती ७०-८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशीला चामडं, कापड, लाकूड सगळंच मानवतं. आकडा ६५ च्या पुढे गेला की डीह्युमिडिफायर आपोआप सुरू व्हावा एवढीच व्यवस्था केली, तरी गाद्यांचं आयुष्य वाढतं.

यात एक खाच आहे, आणि ती कळायला दोन यंत्रं लागतात: एक आत, एक बाहेर. घर कुबट वास मारू लागलं की माळीकाका मायेनं खिडक्या उघडतात. पण जुलैत बाहेरच्या हवेत आतल्यापेक्षा जास्त पाणी असलं तर खिडकी उघडून आपण ओल घरात बोलावतो. बाहेरची हवा खरोखर कोरडी झाली आहे का, हे दोन्ही ठिकाणचं तापमान आणि आर्द्रता एकत्र पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. नाकाला ते जमत नाही, कितीही अनुभवी असलं तरी. काकांच्या फोनवर मराठीत एक ओळ आली, ‘आज दुपारी खिडक्या उघडायला हरकत नाही’, की त्यांच्या वर्षानुवर्षांच्या जाणतेपणाला नवी धार येते. या सगळ्या व्यवसायात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच फोन. पहिली सूचना मालकाकडे वरळीला जाते आणि तिथून ओरडा खाली येतो, अशी रचना जिथे केली तिथे यंत्रांच्या पिना काही दिवसांत निघालेल्या असतात, आणि मला त्यात नवल वाटत नाही. घराच्या आत कॅमेरा लावू नये, हेही इथेच सांगतो. जो माणूस घर राखतो त्याच्यावर चोवीस तास डोळा ठेवणं अपमानाचं आहे. आणि त्याची गरजही नाही, कारण माणूस आहे की नाही एवढंच ओळखणारं, चेहरा न बघणारं इंद्रिय केव्हाच तयार आहे.

कोपऱ्यात लावलेली ती पांढरी, फुगीर डबी जवळून बघा. तिच्या प्लास्टिकवर बारीक वळ्या आणि चौकटी दिसतील. ही फ्रेनेलची भिंगं. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं जाडजूड भिंगाचा अनावश्यक काचेचा भाग काढून त्याच्या कडा तेवढ्या वर्तुळांत मांडल्या, आणि १८२३ मध्ये कोर्दुआनच्या दीपगृहात त्याचा प्रकाश लांबवर पोचू लागला. किहीमच्या किनाऱ्यावरून रात्री खांदेरीचं कान्होजी आंग्रे दीपगृह लुकलुकताना दिसतं. दीपगृहाच्या त्या विद्येचा हा उलटा वापर आहे. दीपगृहात भिंग आतला उजेड बाहेर फेकतं, इथे बाहेरची ऊब आत गोळा होते.

कारण आपण सगळे सतत प्रकाशत असतो. माणसाच्या अंगातून निघणारं प्रारण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीव्र असतं. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाच्या ते दसपटीहून लांब, म्हणून अंधारात आपण एकमेकांना दिसत नाही. साधी काच हे प्रारण अडवते, पॉलिथिन जाऊ देतं. भिंग प्लास्टिकचं असतं ते त्यासाठी. आत एक स्फटिक बसवलेला असतो, ज्याचं तापमान किंचित बदललं तरी त्यावर विद्युतभार तयार होतो. त्याचे दोन तुकडे उलट-सुलट जोडलेले असतात. खोली सावकाश तापली तर दोन्ही सारखेच तापतात आणि हिशेब शून्य होतो. माणूस चालत गेला तर त्याची ऊब आधी एका तुकड्यावर पडते, मग दुसऱ्यावर, आणि एक छोटी लाट उठते. नाव नाही, तोंडवळा नाही, फक्त ‘कोणीतरी हललं’. मे महिन्यात भिंतीच अंगाइतक्या तापतात तेव्हा हे इंद्रिय मंदावतं, कारण माणूस आणि भिंत यांतला फरकच उरत नाही. चांगला विक्रेता हे आधी सांगतो.

आता या यंत्रांना वीज पुरवायची कशी? निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. टाळेबंदीचे दिवस, मालक मुंबईत अडकलेले. अशा वेळी बटणाएवढा सीआर२०३२ सेल कामाला येतो. त्यात सुमारे २२० मिलिअँपिअर-तास विद्युतभार मावतो. यंत्र सरासरी १० मायक्रोअँपिअरवर चाललं तर भागाकार करून बघा: २२,००० तास, म्हणजे अडीच वर्षं! हे साधतं ते झोपेमुळे. यंत्र क्षणभर जागं होतं, आकडा घेतं, कळवतं आणि पुन्हा निजतं.

कळवणं मात्र कोकणात अवघड. जांभ्याच्या जाड, सच्छिद्र भिंती पावसात पाणी पितात, आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींना ओली भिंत गिळून टाकते. विहिरीवरचा पंप, लांबचं फाटक, समुद्राकडची भिंत इथपर्यंत वायफाय पोचतच नाही. त्यासाठी लोरा नावाची पद्धत आहे, फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या एका छोट्या कंपनीत जन्मलेली. भारतात ती ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात चालते. संदेश पाठवताना ती लहरीची पट्टी एकसारखी चढवत नेते, शीळ चढत जावी तशी. ऐकणाऱ्याला ही चढण कशी असते ते आधीच ठाऊक असतं, म्हणून भोवतालचा गोंगाट संदेशाच्या शंभरपट मोठा असला तरी त्यातून ती शीळ वेचता येते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वाक्य पुन्हा वाचलं होतं. गोंगाटाच्या खाली दबलेला आवाज, आणि तरीही स्पष्ट.

पंपाचं सोपं आहे: विहीर आटून तो कोरडा फिरू लागला की कमी करंट ओढतो, तेवढ्यावरून तो बंद करता येतो. गळतीचं त्याहून सोपं. गळती ओळखणाऱ्या चकतीच्या बुडाशी धातूचे दोन ठिपके. शुद्ध पाणी वीज जवळजवळ नेत नाही, पण टाकीच्या पाण्यात क्षार असतात, ते दोन ठिपके जोडतात.

आणि आकाशातली वीज? थेट घरावर पडली तर तिच्यापुढे कशाचंच चालत नाही, त्यासाठी वेगळा तडितरक्षक आणि नीट अर्थिंग हवं. पण इंटरकॉम बहुधा लांब कुठेतरी पडलेल्या विजेमुळे, तारेतून आलेल्या झटक्यानं जातो. त्यावर उपाय म्हणून झिंक ऑक्साइडची एक चकती असते. नेहमीच्या दाबाला ती वीज जवळजवळ जाऊ देत नाही. दाब एकदम चढला की तिच्या कणाकणांमधल्या सीमा खुल्या होतात आणि झटका जमिनीकडे वळतो, सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात. मुख्य बोर्डात अशा चकतीचा सर्ज प्रोटेक्टर आधी बसवल्याशिवाय बाकीचं काहीही विकू नये, असं माझं ठाम मत आहे. तो दिसत नाही, डेमोत दाखवता येत नाही, पण मालकांच्या तिसऱ्या कारणाला खरं उत्तर त्याचंच आहे.

राहिला कंपनी बंद पडण्याचा प्रश्न. २०२२ मध्ये मॅटर नावाचं सामाईक मानक आलं. अॅपल, गुगल, अॅमेझॉन अशा एरवी एकमेकांशी न बोलणाऱ्या कंपन्यांनी ते स्वीकारलं आहे, आणि त्यानुसार बनलेली उपकरणं घरातल्या घरात, बाहेरच्या इंटरनेटशिवाय एकमेकांना आज्ञा देऊ शकतात. तरीही शब्दावर विसंबू नये. पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर राउटरची पिन काढा, माळीकाकांना भिंतीवरचं साधं बटण दाबायला सांगा. दिवा लागला पाहिजे, पंप चालू झाला पाहिजे. नाही झाला तर त्याला पिशवी भरून परत पाठवा.